कुंपणानेच शेत खाऊ नये म्हणून

चातुर्मासातील एक संध्याकाळ. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मी अंगणात शतपावली घालीत होतो, तोच माझा एक बालमित्र फाटक उघडून आत आला. आमच्या बाजारपेठेत त्याच्या कुटुंबाची भुसार मालाची पेढी आहे. आजोबांनी सुरू केलेली, आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती असलेली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत बँकेचे खातेउतारे. खुर्चीवर टेकताच तो म्हणाला, “तू जन्म बँकेत काढलास. हे एकदा नजरेखालून घाल आणि माझ्या वाचण्यात चूक होते आहे, एवढेच मला सांग.”

त्याच्या वाचण्यात चूक नव्हती. सत्तावीस महिन्यांत एका बारदान पुरवठादाराच्या नावे ४१ वेळा रक्कम गेली होती. एकही रक्कम ३० हजारांच्या वर नव्हती आणि बेरीज होत होती ९ लाख ८६ हजार रुपये. भुसार व्यापारात बारदानाचा खर्च रोजचाच. पोती मोजायला कोण बसतो? नाव जुन्या, ओळखीच्या पुरवठादाराचे होते. खाते क्रमांक मात्र पेढीवरील हिशेबनिसाच्या मेहुण्याचा होता.

हा हिशेबनीस सोळा वर्षांपासून पेढीवर होता. दुकानाची किल्ली, संगणकाचा पासवर्ड, नेट बँकिंग, जीएसटीचे विवरणपत्र, सारे त्याच्याच हाती. मालक सौद्याच्या गर्दीत असताना त्याचा फोन येई, “अण्णा, ओटीपी सांगा.” आणि अण्णा सहा आकडे वाचून दाखवीत. कशासाठी, किती रुपयांसाठी, हे विचारण्याची गरज त्यांना सोळा वर्षांत कधी वाटली नाही.

प्रकरण उघडकीला आले तेही तपासणीमुळे नव्हे. विषमज्वराने हिशेबनीस पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, म्हणून घरची सून पेढीवर येऊन बसली. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. तिसऱ्या दिवशी तिने सासऱ्यांना सहज विचारले, “अप्पा, हे बारदानवाले काका दोन वर्षांपूर्वी वारले ना? आपण त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. मग गेल्या महिन्यात त्यांना पैसे कसे गेले?”

त्या एका प्रश्नाने माझ्या मित्राची झोप उडाली. पण त्या संध्याकाळी तो पैशांविषयी फारसे बोललाच नाही. जाताना म्हणाला, “चोरी त्याने केली हे खरे. पण सोळा वर्षे तिजोरी उघडी ठेवून मी निर्धास्त झोपलो, त्याचे काय?” हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

माझाही एक कबुलीजबाब

दुसऱ्याची चूक सांगण्यापूर्वी माणसाने आपली सांगावी. बँकांच्या यांत्रिकीकरणाचा मार्ग डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये आखून दिला. पुढे नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले, तेव्हा मी तरुण अधिकारी होतो. लेखनिकाने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने आपल्या पासवर्डने ती मंजूर करायची, अशी रीत होती. महिनाअखेरीस काऊंटरपुढे रांग लागे. वारंवार उठून जाण्याचा कंटाळा म्हणून मी माझा पासवर्ड एका विश्वासू लेखनिकाला सांगून ठेवला.

काही महिन्यांनी निरीक्षण अधिकारी आले. त्यांनी हजेरीपट आणि संगणकातील नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या आणि मला बोलावून शांतपणे विचारले, “या दिवशी आपण किरकोळ रजेवर होतात. मग ही २३ व्हाऊचर आपल्या नावाने कोणी मंजूर केली?” एक पैशाचीही अफरातफर झालेली नव्हती. तो लेखनिक सज्जन होता, आजही भेटला की आपुलकीने बोलतो. पण माझ्याकडे उत्तर नव्हते. यंत्राच्या लेखी ती २३ व्हाऊचर मीच मंजूर केली होती. उद्या त्यांतले एक खोटे निघाले असते, तर आम्हा दोघांपैकी निर्दोष कोण, हे कोणालाही सिद्ध करता आले नसते.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. पासवर्ड म्हणजे आपली सही आहे. कोऱ्या धनादेशावर सही करून तो आपण कोणाच्या हाती देत नाही; मग पासवर्ड का द्यावा?

घरातला धोका म्हणजे नेमके काय?

संगणकाची सुरक्षितता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी दूरदेशीचा अनोळखी चोर उभा राहतो. तसे चोर आहेतच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका सहकारी बँकेच्या यंत्रणेत बाहेरून शिरकाव करून ९४ कोटी रुपये लांबविले गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु बाहेरच्या चोराला भिंत फोडावी लागते. आतल्या माणसाला आपणच किल्ली दिलेली असते. म्हणून त्याचे कृत्य लवकर ध्यानात येत नाही आणि आले तरी मन ते मानायला तयार होत नाही.

हा आतला धोका चार प्रकारांनी येतो. पहिला, जाणूनबुजून अपहार करणारा माणूस. दुसरा, प्रामाणिक पण निष्काळजी माणूस. अनोळखी ई-मेलमधील ‘बिल’ उघडणारा, गाण्यांचा पेनड्राइव्ह दुकानाच्या संगणकाला लावणारा, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवणारा. हा चोर नव्हे, पण चोराला दार उघडून देतो. तिसरा, नोकरी सोडून गेलेला माणूस. तो गेला, पण त्याचा पासवर्ड तसाच चालू राहिला. त्याच्या फोनवर पेढीचा ई-मेल आणि ग्राहकांच्या याद्या तशाच राहिल्या. चौथा, बाहेरचा असूनही आत येणारा. हिशेबाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, ज्याच्यासाठी आपण ‘एनीडेस्क’सारखे दूरवरून संगणक चालवण्याचे साधन एकदा बसवले आणि त्याचा कायमचा पासवर्ड कधी बदललाच नाही.

चोरी नेहमी पैशांचीच होते असे नाही. कोणत्या गावच्या कोणत्या दुकानदाराला कोणत्या भावाने माल जातो, किती दिवसांची उधारी आहे, ही यादी म्हणजे व्यापाऱ्याची तीन पिढ्यांची कमाई. पूर्वी ती मुनिमाच्या डोक्यात आणि कुलपातल्या वहीत असे. आज ती नखाएवढ्या तुकड्यात मावते आणि अर्ध्या मिनिटात शेजारच्या पेढीवर पोहोचते.

मोठ्या घरांचे पोकळ वासे

‘हे लहान दुकानांचे दुखणे, मोठ्या संस्थांत असे होत नाही’ असे कोणास वाटत असेल, तर तीन उदाहरणे पाहावीत.

लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ साली स्थापन झाली. सव्वादोनशे वर्षे टिकलेली ही बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली ती निक लीसन या एका तरुण कर्मचाऱ्यामुळे. सिंगापूरच्या कार्यालयात सौदे करणारा तोच आणि त्या सौद्यांचा हिशेब लिहिणाऱ्या विभागाचा प्रमुखही तोच. झालेला तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात दडवीत गेला. अखेरीस तोटा ८२.७ कोटी पौंडांवर गेला आणि ती बँक नेदरलँड्सच्या आयएनजीने अवघ्या एका पौंडाला विकत घेतली. करणारा आणि तपासणारा एकच असला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. एप्रिल २००५ मध्ये तेथील एका कॉल सेंटरच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. अमेरिकेतील एका बँकेच्या ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचा विश्वास संपादन करायचा, त्यांचे गुप्त क्रमांक मिळवायचे आणि पैसे पुण्यातील बनावट खात्यांत वळवायचे, असा तो प्रकार होता. रक्कम होती सुमारे साडेतीन लाख डॉलर. तेथे आत-बाहेर जाताना कर्मचाऱ्यांची झडती होत असे आणि काही लिहून नेण्यास मनाई होती. पण झडती खिशांची होते, स्मरणशक्तीची नव्हे. माहिती ज्याच्या हातून जाते त्याला ती किती दिसावी, हा प्रश्न म्हणूनच मुळाशी आहे.

तिसरे उदाहरण मुंबईच्या फोर्ट भागातील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेने तेथील गैरव्यवहार जाहीर केला तेव्हा रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपये सांगितली गेली. पुढे ती १३,००० कोटींच्याही वर गेली. तपासात पुढे आलेली कार्यपद्धती सरळ होती. परदेशातील बँकांना हमी देणारे संदेश ‘स्विफ्ट’ या यंत्रणेतून जात, परंतु त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत केली जात नसे, कारण त्या काळी या दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. संबंधित अधिकारी अनेक वर्षे त्याच कामावर होता. तो निवृत्त झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये नव्या हमीसाठी अर्ज आला. नव्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख तारण मागितले. उत्तर मिळाले की पूर्वी असे तारण कधी द्यावे लागले नव्हते. नोंदी शोधल्या, तर नोंदीच नाहीत! माणूस बदलला आणि प्रकरण उघडे पडले.

माझ्या मित्राच्या पेढीवर आणि या प्रचंड बँकेत शून्यांचा फरक सोडला, तर काय फरक होता? तेथे निवृत्ती आडवी आली, येथे विषमज्वर.

चांगला माणूस का घसरतो?

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. त्या अभ्यासाचे सार पुढे तीन बाजूंच्या त्रिकोणात सांगितले जाऊ लागले. कोणापुढे उघड करता न येणारी आर्थिक अडचण, ही पहिली बाजू. कोणाच्या लक्षात न येता हात मारता येईल अशी संधी, ही दुसरी. आणि ‘मी चोरी करीत नाही, उसने घेतो आहे, परत भरीन’ अशी मनाची समजूत, ही तिसरी. तिन्ही एकत्र आल्या की चांगला माणूसही घसरतो.

माझ्या मित्राच्या हिशेबनिसाने पुढे जे सांगितले ते या चौकटीत तंतोतंत बसते. मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाला पैसे कमी पडले. मालकापुढे हात पसरण्याची लाज वाटली. पहिल्यांदा १८ हजार घेतले आणि दिवाळीच्या बोनसमधून परत भरायचे ठरवले. दिवाळी आली, कोणी विचारले नाही, भरणेही झाले नाही. पुढचे चाळीस वेळा मग सोपे होते.

यातली अडचण आपण थोडी कमी करू शकतो. नोकरांच्या घरची विचारपूस करणे, गरजेला लेखी उचल देणे, ही आपल्या पेढ्यांची जुनी रीत आहे. मनाची समजूत आपल्या हाती नाही. संधी मात्र सर्वस्वी मालकाच्या हाती आहे.

पेढीवर काय करावे?

मोठ्या कंपन्यांसारखा संगणक विभाग आपल्या दुकानात नसतो. तो लागतही नाही. पुढील गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती शिस्त.

पहिली गोष्ट, एका माणसाला एकच किल्ली. संगणकावर प्रत्येकाचे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड असावा. विंडोजमध्ये व्यवस्थापकाचे पूर्ण अधिकार एकट्या मालकाकडे ठेवून इतरांना साधे वापरकर्ते करता येते. म्हणजे कोणी परस्पर नवे सॉफ्टवेअर बसवू शकत नाही. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही वापरकर्त्यागणिक अधिकार ठरवून देता येतात. बिल बनवणाऱ्याला बिल बनवता यावे. पण जुनी नोंद खोडता येऊ नये, नफा-तोट्याचे पत्रक दिसू नये. जागेवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘एल’ ही कळ एकदम दाबली की पडदा कुलूपबंद होतो. चहाला उठणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लावावी. आणि पेढीच्या नावापुढे १२३ लावून केलेला पासवर्ड हा पासवर्ड नव्हे.

दुसरी गोष्ट, करणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये बहुतेक बँका ही सोय देतात. हिशेबनीस आपल्या नावाने व्यवहार भरतो, मालक स्वतःच्या मोबाइलवर पाहून मंजुरी देतो. मग ओटीपी फोनवर सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. नवा लाभार्थी जोडणे किंवा जुन्याचा खाते क्रमांक बदलणे हे काम मालकाने स्वतःच करावे. तेही पुरवठादाराला त्याच्या जुन्या, माहितीतल्या क्रमांकावर फोन करून खात्री पटल्यावरच. एनईएफटी आणि आरटीजीएसने पाठवलेले पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पैसे पाठवण्यापूर्वी त्या क्रमांकाचा खातेदार कोण हे पाहता यावे, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. ती सोय जरूर वापरावी. माझ्या मित्राच्या बाबतीत ती पहिल्याच दिवशी उपयोगी पडली असती.

तिसरी गोष्ट, डिजिटल सहीचा टोकन. आपल्याकडे तो हिशेबनिसाच्या किंवा कर सल्लागाराच्या खणात पडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड पाकिटावर लिहिलेला असतो. कायद्याने ती आपली सही आहे. काम झाले की टोकन मालकाच्या कपाटात परत गेला पाहिजे. त्याचप्रमाणे जीएसटी, आयकर आणि बँक यांच्याकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल मालकाचाच असावा. हिशेबनिसाचा क्रमांक नोंदवणे म्हणजे घराच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लावण्यासारखे आहे. आपला क्रमांक कोठे कोठे नोंदवला आहे हे आजच तपासावे, ही माझी आग्रहाची विनंती.

चौथी गोष्ट, खाडाखोडीची खूण. जुन्या वहीत खोडलेला आकडा दिसत असे. संगणकात तो सहज नाहीसा होतो. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद ठेवणे बंद करता येत नाही. भागीदारी पेढीला किंवा एकट्याच्या दुकानाला हा नियम लागू नाही. पण सोय वापरण्यास मज्जाव थोडाच आहे? महिन्यातून एकदा मालकाने ही बदलांची यादी उघडून पाहावी. सगळे समजले नाही तरी चालेल. मालक पाहतो, हे सर्वांना समजले पाहिजे.

पाचवी गोष्ट, सक्तीची रजा. संवेदनशील जागेवरील बँक कर्मचाऱ्याला वर्षातून किमान १० कामकाजाचे दिवस पूर्वसूचनेशिवाय रजेवर पाठवावे आणि त्या काळात त्याला कामाच्या यंत्रणेत प्रवेश नसावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बजावले. ‘आमचा हिशेबनीस सोळा वर्षांत एक दिवस रजेवर गेला नाही’ असे आपण अभिमानाने सांगतो. मी मात्र असे वाक्य ऐकले की मनात सावध होतो. कदाचित तो खरोखर निष्ठावंत असेल. कदाचित त्याला आपली जागा दुसऱ्याने पाहू नये असे वाटत असेल. वर्षातून दहा दिवस त्याला सपत्नीक यात्रेला पाठवावे, खर्चही पेढीने द्यावा आणि त्या दहा दिवसांत घरातील कोणी त्या खुर्चीत बसावे.

सहावी गोष्ट, हिशेबाच्या प्रती. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुकानाबाहेर मालकाच्या घरी असावी. रागावून गेलेल्या माणसाने सर्व पुसून टाकले किंवा कोणाच्या चुकीने विषाणू शिरला, तरी पेढी दुसऱ्या दिवशी उघडली पाहिजे. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत खरोखर उघडते की नाही, हेही पाहावे.

सातवी गोष्ट, निरोप. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी आपण त्याला श्रीफळ आणि शाल देतो. त्याच दिवशी त्याचे वापरकर्ता नाव बंद करावे, सर्व सामायिक पासवर्ड बदलावेत, व्हॉट्सॲपचे संगणकाशी जोडलेले दुवे तोडावेत, ग्राहकांच्या गटातून त्याचा क्रमांक काढावा. हे रागाने नव्हे, रिवाज म्हणून करावे. सर्वांसाठी एकच रिवाज असला की कोणाचा अपमान होत नाही.

संशय आला तर

प्रथम, आरडाओरड करू नये आणि चारचौघांत कोणाला चोर म्हणू नये. संशय खोटा ठरला, तर गेलेली अब्रू परत देता येत नाही. दुसरे, संगणकाशी स्वतः छेडछाड करू नये. पुरावा नष्ट होतो. बँकेचे उतारे घ्यावेत, बँकेला लेखी कळवावे, पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत आणि वकील व सनदी लेखापाल यांचा सल्ला घ्यावा. पैसे नुकतेच गेले असतील, तर एक तासही न दवडता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. वेळेत कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते.

कायदा पुरेसा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय संगणकातील माहिती काढून घेणे, पुसणे किंवा बिघडवणे यांसाठी भरपाई व शिक्षा आहे. कलम ६६ सी मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये लेखनिक किंवा नोकराने केलेल्या फौजदारी विश्वासघातासाठी सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. परंतु कायदा पुरावा मागतो. सर्वांचा एकच पासवर्ड असेल, तर ‘मी नव्हतोच’ हे उत्तर प्रत्येकाला देता येते.

आणि घरचे?

येथे थोडे नाजूक बोलणे भाग आहे. पेढीवर केवळ नोकर नसतात. भाऊ, पुतणे, जावई असतात. वाटण्यांचे वारे वाहू लागले की रातोरात ग्राहकांच्या याद्या उतरवून घेणे, ई-मेलचा पासवर्ड बदलून दुसऱ्या भावाला बाहेर ठेवणे, जुने हिशेब पुसून टाकणे, असे प्रकार मी बँकेच्या टेबलामागून पाहिले आहेत. खटले चालले, आणि एका आईच्या दोन मुलांचे बोलणे बंद झाले. म्हणून नियम घरच्यांनाही लागू असावेत आणि ते गोडीगुलाबीच्या दिवसांतच लिहून ठेवावेत. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, दोन वडीलधाऱ्यांच्या सह्यांनिशी, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. मालकाला अचानक काही झाले, तर मागे राहिलेल्यांनाही त्याचा आधार होतो.

विश्वास आणि कुलूप

अनेकजण मला विचारतात, “काका, इतके कुलूप लावले तर माणसे दुखावणार नाहीत का? आपला व्यापार तर विश्वासावरच उभा आहे.” प्रश्न रास्त आहे. चोरून नोकरांवर पाळत ठेवणे मलाही मान्य नाही. जे नियम असतील ते नोकरीवर घेतानाच समजावून सांगावेत, लेखी द्यावेत आणि मालकाने स्वतः पाळून दाखवावेत. मग त्यात अपमान राहत नाही. उलट, ज्या दिवशी काही रक्कम जुळणार नाही, त्या दिवशी प्रामाणिक माणसाला याच नियमांचा आधार असतो. माझ्यापाशी त्या २३ व्हाऊचरांच्या वेळी तो आधार नव्हता, आणि त्या सज्जन लेखनिकाला मी उगाच संशयाच्या छायेत उभे केले होते.

माझ्या मित्राने बरेच दिवस विचार केला. मी त्याला सांगितले की गुपचूप निरोप देऊन प्रकरण मिटवू नकोस; तोच माणूस तुझ्या शिफारशीवर दुसऱ्या पेढीवर जाऊन बसेल. त्याने वकिलामार्फत लेखी कबुली घेतली. रकमेचा काही भाग परत आला आहे. बाकीचा येईल अशी आशा त्याला नाही. ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. तिचा शिक्षणात दोष नाही, म्हणून तिच्या शेवटच्या वर्षाची फी थांबू नये एवढी काळजी त्याने घेतली. हे मला पटले की नाही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाला मी त्याच्या पेढीवर गेलो होतो. वहीच्या शेजारी संगणकालाही कुंकू लावले होते. व्यवहारांना मंजुरी आता मित्र देतो, आणि महिनाअखेरची तपासणी सून करते. गादीमागे आजोबांची लोखंडी तिजोरी अजून आहे. मी तिच्याकडे निरखून पाहिले. तिला कुलपाची दोन छिद्रे होती.

मी विचारले, “दोन किल्ल्या कशाला रे?”

मित्र म्हणाला, “एक आजोबांच्या करगोट्याला असे, दुसरी मुनीमजींकडे. दोघे असल्याशिवाय उघडत नसे. लहानपणी मला वाटे, आजोबांचा मुनीमजींवर विश्वास नाही.”

मग थोडा थांबून म्हणाला, “चाळीस वर्षे ते दोघे एकत्र जेवायला बसत.”